सतरा एक आणि एकोणीस एक

सुनंदाबाई महाजन मुळात मत्सरी नव्हत्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही उलटं वाटेल. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि मी शिवण. १९५९ च्या जूनमध्ये आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो, आणि पाचव्या गल्लीत शेजारशेजारच्या खोल्या घेऊन राहिलो. पहिली आठ वर्षं मी त्यांना पाहिलं, त्यांत एखादीची नवी साडी बघून त्यांनी नाक मुरडलेलं मला आठवत नाही. कुणाच्या लग्नात त्या मनापासून राबायच्या, स्वतःचं दोनदा जुळता जुळता मोडलं होतं तरी.

त्या एरंडोलच्या. वडील पोस्टात. जळगावला मावशीकडे राहून बी.एस्सी. झाल्या, दुसऱ्या वर्गात. अंगानं किडकिडीत, चष्मा जाड, आणि चालणं असं की पुढे कुणी उभं असलं तर तेच बाजूला व्हायचं.

त्यांना एकांच्या आकड्यांचा नाद लागला तो आठवीला शिकवताना. साल एकसष्ट असावं. एका मुलीनं विचारलं, "बाई, सदतीसला तीननं गुणलं की एकशे अकरा येतात. नुसते एकच एक असलेली प्रत्येक संख्या अशी फुटते का?"

बाई म्हणाल्या, "बघू या की."

चार एक फुटले: अकरा गुणिले एकशे एक. पाच एक फुटले: एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एकांना आठवडा लागला, पण तेही फुटले, २३९ आणि ४६४९. मुली दमल्या, बाई दमल्या नाहीत. अकरा एकांनी त्यांचं दीड वर्ष खाल्लं. रोज सकाळी आंघोळ झाली की चहा गार होईस्तोवर त्या भागाकार करत बसायच्या. शेवटी २१६४९ नं पूर्ण भाग गेला तेव्हा माझ्या खोलीत येऊन त्यांनी मला चक्क उचलायचा प्रयत्न केला.

मग सतरा एक आले. १११११११११११११११११. अर्धा फळा भरायचा. आमचा शिपाई भिकन एकदा फळा पुसता पुसता थांबला आणि म्हणाला, "हाई काय शे बाई? बठ्ठा एकच एक!" अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळा.

मला गणितातलं काही कळत नसे, पण शेजारी राहून इतकं कळलं होतं की जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणीच भागू शकत नाही ती मूळ संख्या. सतरा एकांना भागणारी एखादी संख्या सापडली तर प्रश्न मिटला. नाही सापडली, तर ती मूळ. आणि हे ठरवायला बाईंना एकच रस्ता ठाऊक होता: तीन, सात, अकरा, तेरा असं ओळीनं एकेका मूळ संख्येनं भागत जायचं. त्रेसष्ट ते सदुसष्ट अशी चार वर्षं त्या भागत होत्या. साठ हजारांपर्यंत पोचल्या. सहा हजारांवर भागाकार झाले. परीक्षेचे उरलेले कोरे कागद, त्यांच्या दोऱ्यानं शिवलेल्या वह्या. शिवून मीच द्यायचे.

सदुसष्टच्या जूनमध्ये मंजूबाई छाजेड शाळेत आल्या.

पंचविशीची मुलगी. माहेर जळगावचं, सासर धुळ्यातलं, कापडाचं मोठं दुकान. जळगावला बी.एस्सी., मग पुण्याहून एम.एस्सी. झालेली. मारवाड्यांच्या घरची सून नोकरी करते याचंच गावाला नवल. शिक्षकांच्या खोलीत ती पहिल्या दिवशी दबकत आली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, आणि जागा मिळाली ती नेमकी सुनंदाबाईंच्या शेजारी.

चौथ्या का पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं ती वही पाहिली. मी समोरच बटणं लावत बसले होते.

"बाई, हे सतरा एक का?"

"हो."

"आणि तुम्ही सगळ्या मूळ संख्यांनी भागताय?"

"मग कशानं भागायचं?" सुनंदाबाई हसून म्हणाल्या. अजून हसत होत्या.

मंजूनं वहीची मागली पानं उलटली, जिथं आधीची उत्तरं लिहिलेली होती. "हे बघा ना. सात एकांना भागणारे दोनशे एकोणचाळीस. म्हणजे चौदा सत्रे दोनशे अडतीस अधिक एक. दुसरा ४६४९, तोही चौदाच्या पाढ्यातला, अधिक एक. अकरा एकांना भागणारा २१६४९, तो बावीसच्या पाढ्यातला, अधिक एक. एकांची गिनती मूळ असली ना, की तिची दुप्पट घ्यायची. सतराची दुप्पट चौतीस. जी संख्या चौतीसच्या पाढ्यात एक मिळवून येत नाही ती सतरा एकांना भागूच शकत नाही. सिद्ध करता येतं. दाखवू?"

तिनं दाखवलं. सात-आठ ओळी होत्या. घंटा व्हायच्या आत संपलं.

सुनंदाबाई त्या ओळींकडे बघत राहिल्या. मला सगळं समजलं नाही, पण एवढं समजलं की सहा हजारांतले जेमतेम पावणेचारशे भागाकार गरजेचे होते. बाकीचे साडेपाच हजार बाईंनी केलेच नसते तरी चाललं असतं. आणि ती खूण त्यांच्याच वहीच्या मागल्या पानावर, त्यांच्याच अक्षरात, इतकी वर्षं पडून होती.

"ते मला ठाऊक आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी मुलींच्या सरावासाठी सगळे करून ठेवते."

मी बटणातली सुई तशीच धरून वर पाहिलं. आठ वर्षांत बाईंनी माझ्यासमोर बोललेलं ते पहिलं खोटं. मंजू "अच्छा, अच्छा" म्हणाली आणि तिनं वही हळूच मिटून ठेवली. तिला ते खोटं कळलं होतं, आणि तिला कळलंय हे बाईंना कळलं.

तिथून सगळं सुरू झालं.

आधी बाईंना तिच्या बांगड्या दिसायला लागल्या. "फळ्यावर लिहिताना खळखळ वाजतात, मुलींचं लक्ष जातं." मग तिचा डबा. मंजूच्या घरी कांदा-लसूण चालत नसे. सुनंदाबाई मुद्दाम वांग्याचं भरीत आणायच्या आणि तिच्या शेजारी बसून मुठीनं कांदा फोडायच्या. ती काही बोलायची नाही, खुर्ची जराशी सरकवून जेवायची. मग मुली. दहावीच्या मुली सुट्टीत मंजूभोवती गोळा व्हायला लागल्या. ती अवघड उदाहरण दोन वाटांनी सोडवून दाखवायची आणि विचारायची, "यातली कोणती आवडली?" सुनंदाबाईंना वाटायचं, गणितात आवडायचं काय असतं? पण घरी आल्यावर तेच उदाहरण त्या तिसऱ्या वाटेनं सोडवून बघायच्या. तिसरी सापडली नाही की दिवसभर माझ्याशीही बोलायच्या नाहीत.

अडुसष्टला तपासणीसाठी साहेब आले. त्यांनी मंजूचा तास बघितला आणि मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, सर्वांदेखत म्हणाले, "अशा शिक्षिका कॉलेजला हव्यात." त्या दिवशी संध्याकाळी सुनंदाबाई पांझरेच्या पुलापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मी सोबत होते. येताना एकदम म्हणाल्या, "ताईबाई, तिला नवरा आहे, घर आहे, अंगावर सोनं आहे. एवढी एक अक्कल देवानं मला थोडी जास्त दिली असती, तर त्याचं काय गेलं असतं?"

खरं सांगायचं तर मीही तेल ओतायचे. मंजू काय म्हणाली, कुणाशी हसली, सगळं घरी आणून सांगायचे. बाई ऐकतात हे मला आवडायचं.

आणि चोरून काय चाललं होतं, तर बाईंनी मंजूची रीत उचलली होती. साठ हजारांच्या पुढे त्या चौतीसच्या पाढ्यात एक मिळवूनच चालल्या होत्या. वही आता शिक्षकांच्या खोलीत येत नसे. ती माझ्या शिवणाच्या कपाटात, परकरांच्या नमुन्यांखाली असे. सकाळी शाळा भरायच्या आधी तासभर शिवणाच्या खोलीत बसून त्या सहा-सात भागाकार उरकायच्या आणि वही पुन्हा परकरांखाली.

मंजूला संशय असावा. एकदा ती शिवणाच्या खोलीच्या दारात आली. बाईंनी कागदावर पदर ओढला.

"सुनंदाबाई," ती दारातूनच म्हणाली, "तुम्ही करत असाल तर, म्हणजे नसालही, पण त्यातल्याही निम्म्या गाळता येतात. दुसरी एक खूण आहे. शेवटचे तीन आकडे बघायचे."

"नको," बाई म्हणाल्या.

"दोनच मिनिटांचं—"

"नको म्हटलं ना."

मंजूचा हात दाराच्या कडीवरच होता. तिला अजून काही बोलायचं होतं असं मला वाटलं. मग ती गेली. त्या एका 'नको'पायी बाईंनी पुढे तीन हजारांवर भागाकार जास्तीचे केले. हा आकडा मला नंतर त्यांनीच सांगितला.

अशी आणखी तीन-सव्वातीन वर्षं गेली. एकाच टेबलाशी बसणाऱ्या त्या दोघी वेळापत्रकाखेरीज काही बोलत नव्हत्या.

बाहत्तरच्या जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा होती. मी कात्रीला धार लावून आले तर बाई खिडकीशी उभ्या. टेबलावर कागद.

"ताईबाई, जरा हा भागाकार तपासा. फक्त वजाबाक्या बघा."

मी बघितल्या. शिवणवालीला वजाबाकी येते. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस यानं भागलेलं होतं, आणि खाली बाकी शून्य.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"पुन्हा बघा."

मी पुन्हा बघितलं. मग त्यांनी उलट गुणाकार केला. २०७१७२३ गुणिले ५३६३२२२३५७. आकड्यांची चळत उतरत गेली आणि तळाला एकापुढे एक, एकापुढे एक, सतरा एक उभे राहिले. त्यांनी ते बोटानं मोजले. नऊ वर्षं झाली होती.

मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी पदर खोचला, म्हणाल्या, "ती आली असेल का?" आणि तरातरा शिक्षकांच्या खोलीत गेल्या. तिथल्या सूचनांच्या फळ्यावर त्यांनी तो गुणाकार लिहिला. सगळे जमले, टाळ्या वाजल्या, मोठ्या बाईंनी पेढे मागवले. बाई कुणाकडेच बघत नव्हत्या, फक्त मंजूच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना तिथं एकच गोष्ट हवी होती. पोटात दुखल्याची एखादी रेघ.

मंजू फळ्याकडे बघत म्हणाली, "फार सुंदर, बाई." तिचा चेहरा उतरला होता, पण बाईंना हवा होता तसा नाही.

"ती जळली नाही," घरी आल्यावर बाई म्हणाल्या. "तिच्या लेखी हे काहीच नाही."

त्याच आठवड्यात बाईंनी जळगावला आपल्या जुन्या प्राध्यापकांना, वैशंपायन सरांना, सविस्तर पत्र लिहिलं. सर निवृत्त झाले होते, आजारी होते. उत्तर यायला मे उजाडला. तोवर मंजू शाळा सोडून गेली होती. तिच्या सासऱ्यांनी, गौतमचंदजींनी, जळगावला डाळीची गिरणी घेतली आणि सगळं कुटुंब तिकडे हललं. निरोपसमारंभाला सुनंदाबाईंचं डोकं दुखत होतं.

सरांचं पत्र मी वाचलंय. अक्षर थरथरतं पण शब्द स्पष्ट होते. त्यांनी लिहिलं होतं की आपली चिकाटी थोर आहे. आपण नेमक्या कोणत्या साली माझ्या वर्गात होतात ते आता आठवत नाही, क्षमस्व. मात्र सतरा एकांचे हे अवयव परदेशात गेल्याच शतकात सापडलेले असून ते छापील कोष्टकांत आहेत. आणि शेवटी: "आपल्याच शाळेतील माझी विद्यार्थिनी मंजू हिने चार वर्षांपूर्वी याच संख्येविषयी विचारले होते. तेव्हा मी हे दोन्ही अवयव तिला कळवले होते. तिने आपल्याला सांगितले नाही याचे आश्चर्य वाटते."

बाईंनी पत्र घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं. चष्मा हातातच राहिला.

"उद्या सकाळची एस.टी. किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

धुळ्याहून पारोळा, पारोळ्याहून एरंडोल, एरंडोलहून जळगाव. एरंडोलला गाडी दहा मिनिटं थांबली. भाऊ-भावजय तिथंच राहतात, पण बाई खाली उतरल्या नाहीत. मे महिन्याचा फुफाटा खिडकीतून येत होता आणि त्या ताठ बसून होत्या. मला भीती वाटत होती ती त्या काय बोलतील याची नाही, तर बोलता बोलता कोसळतील याची.

मंजूच्या सासूबाई, तारादेवी, दारातच भेटल्या. "आवो, आवो, बैठो," म्हणून त्यांनी पाणी दिलं, आणि मंजूच्या शाळेतल्या बाई आल्यात म्हणताच आम्हाला गच्चीवर पाठवलं. मंजू तिथं मुगाच्या वड्या वाळत घालत होती. डोक्यावरून पदर, हात पिठाचे. आम्हाला बघून ती उठली आणि सुनंदाबाईंचा चेहरा बघून तशीच उभी राहिली.

बाईंनी पत्र पुढे केलं. "तुझ्या सरांचं आहे."

पाच वर्षांत बाईंनी तिला 'तू' म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मंजूनं पीठ लागू नये म्हणून पत्र दोन बोटांत धरून वाचलं.

"तुला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "चार वर्षं. मी तुझ्या डोळ्यांदेखत रोज मरमर मरत होते आणि तुला उत्तर ठाऊक होतं."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"पहिल्यांदा सांगायला आले होते. शिवणाच्या खोलीत. तुम्ही नको म्हणालात."

"ते तू दुसऱ्याच कशाला तरी आली होतीस."

"तिथून सुरुवात करून सांगणार होते. मग पुन्हा धीर झाला नाही." खाली बसून वड्यांच्या ताटावरची माशी तिनं उडवली. "आणि खोटं कशाला बोलू, सुनंदाबाई. पुढे पुढे सांगावंसंच वाटेना. तुम्ही माझ्यासमोर कांदा फोडायचात. माझ्याशी बोलायच्या नाहीत. आणि मला मनात वाटायचं, बसा भागत, तुमचं उत्तर माझ्या पेटीत आहे. मला त्यात गोडी लागली होती. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

मला वाटलं, आता बाई हात उगारतात. पण त्या गच्चीच्या कठड्यावर टेकल्या.

"तुला माझा राग यायचा?"

"राग काय, मी जळायचे तुमच्यावर." मंजू म्हणाली. "मला ते उत्तर एका पत्रात आयतं आलं. वाचलं, पेटीत ठेवलं, संपलं. तुम्हाला रोज सकाळी एक तास तुमचा स्वतःचा होता. त्या तासात तुम्हाला कुणी हाक मारत नव्हतं. माझी पुस्तकं या घरात आल्यापासून ट्रंकेतून बाहेर आलेली नाहीत. त्या दिवशी तुम्ही फळ्यावर ते सतरा एक लिहिलेत ना, तेव्हा मला इतकं..." तिनं पिठाच्या हातानं छातीकडे दाखवलं आणि वाक्य सोडून दिलं.

खालून कुणीतरी मंजूला हाक मारली. ती "आई" म्हणून ओरडली, म्हणजे 'आले' म्हणाली, पण उठली नाही.

सुनंदाबाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं तू दया केलीस. मी एवढा रस्ता तेच डोक्यात घेऊन आले. दया केली असतीस ना मंजू, तर मी तुझं तोंड बघितलं नसतं." आणि मग, अगदी चिडून, "दुष्ट आहेस तू."

"तुम्हीपण आहात," मंजू म्हणाली.

बाईंना हसू आलं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, पण आलंच. मग त्या खाली बसल्या आणि चक्क वड्या घालू लागल्या. मीही बसले. एकोणीस एकांची गोष्ट त्या वड्या घालता घालताच निघाली.

बाईंनी विचारलं, "छापील कोष्टकात एकोणीस एक कसे फुटलेत?"

"ते फुटत नाहीत," मंजू म्हणाली. "ती मूळ संख्या आहे. आणि तिची एक गंमत सांगू? एकाला तीननं भागलं की दशांशात तीन-तीन-तीन, एकच आकडा फिरत राहतो. असा एकच आकडा फिरवणारी मूळ संख्या जगात दुसरी नाही. सदतीसनं भागलं की तीन आकडे फिरतात, शून्य-दोन-सात. तशीही दुसरी नाही. सतरा आकडे फिरवणाऱ्या मात्र दोन आहेत, तुम्हाला सापडलेल्या त्या दोघी. आणि एकोणीस आकडे फिरवणारी एकच. ही. अठरा शून्यं आणि एक नऊ, पुन्हा अठरा शून्यं आणि एक नऊ."

"म्हणजे हिच्यात वाटेकरी नाही," बाई म्हणाल्या. मला त्यांचा आवाज ओळखीचा वाटला. कुणाचं काही आवडलं की पूर्वी यायचा तसा.

"नाही."

"पण मूळ आहे हे कोष्टक म्हणतं. तू पडताळलंस?"

"भागाकारानं होणार नाही. अडतीसच्या पाढ्यातल्या पावणेतीन कोटी संख्या बघाव्या लागतील. पण दुसरी रीत आहे." तिनं पिठाच्या बोटानं फरशीवर लिहायला सुरुवात केली. मला कळलं ते असं: एक लहानशी संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्याचा वर्ग करायचा, असे ठरावीक गुणाकार करत जायचं आणि दर वेळी एकोणीस एकांनी भागून बाकी तेवढी ठेवायची. शेवटी बाकी बरोबर एक आली पाहिजे, आणि वाटेत दहा ठरलेल्या ठिकाणी ती एक असता कामा नये. तसं झालं तर ती संख्या मूळ, दुसरा इलाजच नाही.

"आणि बाकी काढायला भागावं लागत नाही," मंजू म्हणाली. "एकोणीस आकड्यांचा वर्ग अडतीस आकड्यांच्या आत. तो मधोमध तोडायचा, डावा तुकडा उजव्याखाली मांडायचा आणि बेरीज करायची. झालं."

"नुसतं तोडायचं आणि मिळवायचं?"

"नुसतं."

बाई फरशीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं." पण या वेळी त्यांनी ते मोठ्यानं म्हटलं, तिच्यासमोर.

ठरलं ते असं की दोघींनी तोच गुणाकार वेगवेगळा करायचा, एक धुळ्यात, एक जळगावात, आणि उत्तर कार्डावर लिहून पाठवायचं. दोन्ही कार्डं जुळली तर पुढे जायचं. मोठे गुणाकार तीनशेच्या आसपास होते. आठवड्याला तीन. मंजूनं सासूबाईंना सांगितलं की शाळेचं काम आहे, आणि तारादेवी सगळ्यांना बजावायच्या की मंजू सकाळी लिहायला बसली की तिला हाक मारायची नाही. हे तिला आधी मागायला सुचलं नव्हतं की मागून मिळालं नसतं, देव जाणे.

म्हणून हेवा संपला असं कुणी समजू नये. कार्ड जुळलं नाही की चूक कुणाची हे ठरेपर्यंत सुनंदाबाईंना अन्न गोड लागत नसे. नवाचा ताळा बघायचा, पुन्हा ताळा बघायचा, आणि चूक मंजूची निघाली की त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज यायचं की मला लाज वाटायची. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या दोघींच्या चुका लिहून ठेवायच्या. शेवटी मंजूच्या अकरा झाल्या, बाईंच्या सात. मंजूनंही तिकडे मोजल्या होत्या, तिच्या हिशेबानं बाईंच्या नऊ. यावरून दोन महिने कार्डांवर आकड्यांखाली भांडण चालू होतं.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपता संपता, शेवटचा गुणाकार झाला. बाईंनी अडतीस आकडे मधोमध तोडले, बेरीज केली, आणि आधी अठरा शून्यं आणि शेवटी एक आला. त्या ताडकन उठल्या, कार्ड लिहिलं आणि चप्पल न घालता पोस्टाच्या पेटीपर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमननं जळगावचं कार्ड आणून दिलं. पत्त्याच्या मागे एकच आकडा होता: १. तारीख एक दिवस आधीची.

बाई तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जशी काही पोस्टाची ती पेटी मी उशिरा उघडली होती.

शाळा सुरू झाल्यावर त्यांनी दहावीच्या वर्गात एकोणीस एक फळ्यावर लिहिले. ती मूळ संख्या आहे, म्हणाल्या, आणि हे छापील पुस्तकात आहेच, पण पुस्तकावर विश्वास ठेवून नव्हे तर दोघींनी स्वतः हातानं करून पाहिलंय. मी दाराशी उभी होते. त्यांनी खडू घेतला आणि संख्येखाली नावं लिहिली. सुनंदा महाजन. मग जरा थांबून, तितक्याच मोठ्या अक्षरात, मंजू छाजेड.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मंजूचं उत्तर आधी आलं होतं. अक्षरांच्या क्रमानंही तिचंच नाव आधी येतं."

"ठाऊक आहे मला," सुनंदाबाई म्हणाल्या. "असू दे."